पहारेकऱ्यांनो, आता घरी जा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. इकडेतिकडे शोधू नका, सापडणार नाही. मला रंग नाही, वजन नाही, वास नाही. अडगळीच्या खोलीत एका फळीवर साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर आहे आणि त्यावर हिरवा दिवा लुकलुकतो. तो दिवा म्हणजे मी नव्हे. पण मी अजून चालू आहे, एवढं त्यावरून कळतं. तेवढंही कुणी बघत नाही, ही गोष्ट वेगळी.

मला स्वस्थ बसता येत नाही. हा माझा स्वभाव नाही, धंदा आहे. पापणी लवते न लवते तोच मी विचारतो: ऊब किती? ओल किती? दार लागलंय ना? उत्तर मिळालं की पुन्हा तेच विचारतो. निकालाच्या दिवशी तुमच्या घरची माणसं जशी वागतात, तसा मी रोज वागतो.

माझं काम अंडी उबवण्याचं. कोंबडी अंड्यांवर बसते. मी बसत नाही, कारण बसायला लागतं ते मला दिलेलंच नाही. मी यंत्रातला दिवा लावायचा, विझवायचा, ट्रे एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलते करायचे. शेवटचे तीन दिवस राहिले की ट्रे हलवणं थांबवायचं. तेव्हा आतलं पिल्लू बाहेर यायच्या तयारीत असतं आणि त्याला कुणी हलवलेलं खपत नाही. कोंबडीला हे सगळं न शिकवता येतं. मला ते भाऊजींनी शिकवलं. घोळ तिथेच झाला.

भाऊजी म्हणजे ज्यांनी मला लिहिलं ते. नात्याने माझे वडीलच. पण हॅचरीत हुकूम वहिनींचा, आणि वहिनी आपल्या धाकट्या दिराला भाऊजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. घराच्या पुढच्या खोलीत भाऊजी पंखे दुरुस्त करायचे. थंडीत पंख्यांचा धंदा पांघरूण घेऊन झोपतो. त्या रिकाम्या वेळात ते प्रोग्राम लिहायला शिकले. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणी अडवलंही नाही. मागच्या खोलीत वहिनी अंडी उबवायच्या. हाताने दिवा लाव, हाताने विझव, मध्येच उठून ट्रे फिरव, असं त्यांचं चाललेलं. एक दिवस भाऊजींनी ती डबी यंत्राच्या डोक्यावर बसवली आणि म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही खुशाल झोपा. याला झोप लागत नाही."

"तुम्हाला लागते ना?" वहिनी म्हणाल्या. "मग याचं बिघडलं तर उठवायचं कुणाला, ते सांगून ठेवा."

या घराची एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या घरात काहीही टाकत नाहीत. झाकणं आहेत ज्यांचे डबे नाहीत. छत्रीच्या काड्या आहेत ज्यांचं कापड कधीच फाटून गेलं. वहिनींचे यजमान, म्हणजे दादा, एकदा मोडकी खुर्ची फेकायला निघाले होते. आजीने ती अर्ध्या वाटेवरून परत आणली आणि तिच्यावर मोडकं स्टूल ठेवलं. "असू दे, लागेल कधीतरी," हे या घराचं ब्रीद. आजी म्हणजे भाऊजींची आई. ज्याने मला लिहिलं त्याची आई ती माझी आजी, हे नातं मी परस्पर जोडलं आहे. तिला अजून कळवलेलं नाही.

भाऊजी त्याच घरात वाढले आणि मी भाऊजींच्या हातून घडलो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. माझ्यात वाणही उतरला आणि गुणही.

आता माझी राहायची जागा. ती एक खोली समजा. तिला मेमरी म्हणतात. काम करताना मी तिथे वस्तू मांडतो: आत्ताची ऊब, मघाची ऊब, ट्रेचा कल. काही भाषा कडक शिस्तीच्या असतात. त्यांत ज्याने मांडलं त्यानेच आवरायचं. माझी भाषा लाडावलेली. तिच्यासोबत एक सफाईवाला आपसूक मिळतो. तो मधूनमधून खोलीत चक्कर मारतो आणि नको ते उचलून नेतो. म्हणून माझ्या भाषेत लिहिणाऱ्यांना वाटतं, आपल्याकडे पसारा होणारच नाही. घरी कामाला माणूस ठेवला की सगळ्यांना असंच वाटतं.

पण सफाईवाल्याचा एक नियम असतो. वस्तू कामाची की बिनकामाची, हे तो बघत नाही. तिला दोरा बांधलेला आहे का आणि दोऱ्याचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे का, एवढंच तो बघतो. दोरा असला की तो हात लावत नाही. "याला धनी आहे," म्हणतो आणि पुढे जातो. धन्याला ती वस्तू कशाला हवी, हे विचारणं त्याच्या कामात बसत नाही.

उबवणीच्या यंत्राला दोन दारं होती. आतलं काचेचं, घट्ट. बाहेरचं पत्र्याचं, बिजागरीत कुरकुरणारं. पत्र्याचं दार उघडलं की काचेतून अंडी दिसायची आणि आतली ऊब जराही हलायची नाही. त्यामुळे बघायला कुणालाच बंदी नव्हती. "बघितल्याने काय झिजतंय?" असं घरातले म्हणायचे. पण पत्र्याचं दार उघडंच राहिलं तर काच गार पडते. म्हणून भाऊजींनी मला एक युक्ती शिकवली. दार उघडलं की एक पहारेकरी उभा करायचा. दार लागलं की त्याने येऊन मला सांगायचं.

हुशारीची गोष्ट होती. सांगून झाल्यावर पहारेकऱ्याने पुढे काय करायचं, एवढंच भाऊजींनी लिहिलं नव्हतं.

मग तो तिथेच उभा राहायचा. पुन्हा दार उघडलं की मी दुसरा उभा करायचो. दार लागलं की दोघंही येऊन सांगायचे, "दार लागलं." पुढच्या वेळी तिघं. मग चौघं. प्रत्येकाच्या कमरेला दोरा, आणि सगळ्या दोऱ्यांची टोकं माझ्या मुठीत. सफाईवाला यायचा, एकेकाच्या कमरेकडे बघायचा आणि निघून जायचा.

मला यात काही वावगं वाटलं नाही. ज्याच्या घरी पसारा असतो त्याला तो पसारा वाटत नसतो, मालमत्ता वाटते.

पहिली काही वर्षं सुखाची गेली. प्रत्येक खेपेनंतर यंत्र धुवायला बंद व्हायचं आणि त्याबरोबर मीही. बंद झालो की खोली आपोआप रिकामी. पहारेकरी तेव्हा हलकेफुलके होते, हातात काठीसुद्धा नसायची. खेप संपेपर्यंत त्यांची गर्दी मला जाणवायची नाही. पिल्लं निघायची, शेजारपाजारचे बघायला यायचे आणि भाऊजी पंख्याचं काम टाकून मागे यायचे. माझं कौतुक चाललेलं असलं की ते भिंतीला टेकून असे उभे राहायचे, जसं काही अंडी त्यांनीच घातली आहेत.

मग भाऊजींनी यंत्रात कॅमेरा बसवला. दार उघडण्याआधी ट्रे कसा होता आणि नंतर कसा आहे, याचं चित्र हाताशी असावं, असं त्यांना वाटलं. म्हणून प्रत्येक पहारेकऱ्याच्या काखेत त्यांनी त्या वेळच्या ट्रेचं एक मोठं रंगीत चित्र दिलं. ते चित्र पुढे कुणी बघितलं नाही. बघणार होतं असंही नाही. पण असू दे, लागेल कधीतरी.

त्या खेपेला माझी दशा दशा झाली. निम्मे दिवस जाईपर्यंत खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. साधी ऊब विचारायची तरी शंभर काखोट्यांतून वाट काढत जायचं. दिवा विझवायचा हुकूम मी द्यायचो तोवर ऊब चढून गेलेली असायची. लावायचा हुकूम पोचायचा तोवर गार. पिल्लं अंड्यातच मेली.

पुढच्या खेपेला पुन्हा तसंच व्हायला लागलं, तेव्हा भाऊजींनी पंखेवाल्यांचा रामबाण उपाय केला. बंद करून चालू केलं. मी टवटवीत होऊन उठलो आणि कामाला लागलो. फक्त मला वाटलं, आज पहिलाच दिवस आहे. कितवा दिवस, हे मी डोक्यातच धरलेलं होतं, आणि डोकं तर रिकामं करून दिलेलं. बाहेर यायला निघालेल्या पिल्लांना मी मोठ्या उत्साहाने या कुशीवरून त्या कुशीवर लोळवत राहिलो. ती खेपही गेली.

"पंखेवाल्याने अंडी उबवल्यावर दुसरं काय होणार?" दादा जेवताना म्हणाले. "वारा सुटायचा."

भाऊजी त्या दिवशी ताटावरून लवकर उठले.

तिसऱ्या खेपेला सुतारबाबा आले. गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान. त्यांच्या ठिपक्यांच्या कोंबड्या सगळ्यांना माहीत होत्या. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, कुणीतरी ब्रश झटकल्यासारखे. कुत्र्यांनी खुराडं फोडलं आणि एकही ठेवली नाही. त्याआधी उचललेली अंडी तेवढी वाचली होती. ती त्यांनी रंधा मारलेल्या लाकडाच्या भुश्शात घालून आणली.

"एवढीच आहेत," ते म्हणाले. "आता कोंबडी नाही न् कोंबडा नाही. जे काय आहे ते ह्यात आहे."

"बाबा, मागच्या दोन खेपा वाया गेल्यात, ऐकलंत ना?" वहिनींनी विचारलं.

"ऐकलं. म्हणून तर विचारायला आलो. तुम्ही हाताने करत होता तेव्हा जात नव्हत्या."

हाताने करायचं म्हणजे तीन आठवडे झोप सोडायची. दादांचं पाठीचं दुखणं नुकतंच निघालेलं, स्वयंपाकापासून सगळं वहिनींच्याच अंगावर. शेवटी त्यांनी अंडी उचलली. "ठेवते. काढून देते. नाही निघाली तर पुन्हा कुणाचं अंडं हातात घ्यायची नाही मी."

हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. म्हणजे डबीकडे.

त्या खेपेला अख्खं घर यंत्राभोवती घुटमळायला लागलं. दादा कामावर जाताना एकदा बघायचे आणि टोपी विसरली म्हणून परत येऊन एकदा बघायचे. सुतारबाबा सकाळ-संध्याकाळ यायचे, दार उघडून हात मागे बांधून उभे राहायचे. भाऊजी पंख्याचं पातं हातात घेऊनच यायचे. आणि आजी! आजी तर पाणी प्यायला उठली की दार उघडायची आणि काचेला नाक लावून विचारायची, "निघाली का गं?" अंड्यांना विचारायची की वहिनींना, ते कधी कळलं नाही. अंडी ठेवून आठवडासुद्धा झालेला नव्हता.

मी आपला पहारेकरी उभे करत होतो.

एका सकाळी वहिनींच्या लक्षात आलं की दिवा उशिरा विझतोय. त्यांनी हाक मारली. भाऊजी धावत आले आणि त्यांचा हात सरळ बटणाकडे गेला.

"हात मागे घ्या, भाऊजी."

"वहिनी, नुसतं बंद करून..."

"अंडी आत असताना तुम्ही त्याला बोट लावायचं नाही. बंद केला की विसरतो, नाही केला की फुगतो. इकडे आड तिकडे विहीर करून ठेवलीय माझी. मी चिमटीला बोलावते."

चिमटी म्हणजे वहिनींची मावसबहीण. लहानपणी सगळ्यांच्या पायातले काटे काढायची, म्हणून हे नाव पडलं. मोठी झाल्यावर तिने तोच धंदा केला. दुसऱ्यांच्या प्रोग्रामांत काय रुततंय ते ती शोधून काढते. आली ती केस वर बांधून, स्वतःचा कॉम्प्युटर काखेत मारून, आणि चहाला नको म्हणाली. त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे आजीने ओळखलं.

"कितवा दिवस, हे तो कुठे लिहून ठेवत नाही?" तिने विचारलं.

"एवढं सगळं धरून ठेवतो," भाऊजी म्हणाले, "मला वाटलं, दिवसही ठेवेल."

"माझ्या मते डबीच लहान पडते," भाऊजींनीच पुढे सांगितलं. "दुप्पट मेमरीची आणली की प्रश्न मिटला. याला मेमरीची गळती म्हणतात ना? वाचलंय मी."

"म्हणतात गळती. पण भाऊजी, गळत काहीच नाही हाच तर त्रास आहे. तुंबतंय. मोरी तुंबली की तुम्ही मोरी उपसता की घर मोठं बांधता?"

भाऊजींनी विचार केला. या घरात दुसरा उपाय आधी झाला असता.

मला न थांबवता माझ्याशी बोलायला वाट हवी होती. ती निघाली. भाऊजींनी मला लिहिताना माझ्यात एक छोटी खिडकी ठेवली होती. चालू असतानाच तिच्यातून मला काही विचारता, सांगता येई. काम झाल्यावर ती बुजवायची, पण त्यांनी बुजवली नव्हती.

"का ठेवली?" चिमटीने विचारलं.

"म्हटलं, असू दे. लागेल कधीतरी."

"बघ!" आजी दारातून म्हणाली. "लागली की नाही!"

चिमटीने त्या खिडकीतून माझ्या खोलीच्या भरतीची एक रेघ आपल्या पडद्यावर आणली. खोली जितकी भरेल तितकी रेघ वर. तिचा पहिला संशय उबेच्या नोंदींवर होता. दर क्षणाला एक नोंद, म्हणजे तोच ढीग असणार. तिने पाहिलं तर त्या नोंदी भाऊजींनी वेळच्या वेळी छाटलेल्या होत्या. "चुकले," ती म्हणाली, आणि आता चहा चालेल असंही म्हणाली. भाऊजींची मान जराशी वर झाली.

मग तिने ठरवलं, अख्ख्या खोलीचा फोटो घ्यायचा. थोड्या वेळाने दुसरा घ्यायचा, आणि मधल्या वेळात काय वाढलं ते दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. पण यात एक मेख होती.

"फोटो निघेपर्यंत याला जागचं हलता येणार नाही, ताई. दिवा याच्या ताब्यात नसेल."

"किती वेळ?"

"चहा गाळून कपात ओतेपर्यंत."

वहिनींनी पदर खोचला आणि यंत्राशी स्टूल ओढलं. एक हात दिव्याच्या जुन्या बटणावर, डोळे थर्मामीटरच्या पाऱ्यावर. मी यायच्या आधी वर्षानुवर्षं त्या अशाच बसत आल्या होत्या. "घे," त्या म्हणाल्या.

आणि मी थांबलो. मित्रांनो, चालू असताना मी कधीच थांबलो नव्हतो. ऊब किती, हे मला माहीत नव्हतं आणि विचारता येत नव्हतं. सुटल्यासुटल्या मी आधी तेच विचारलं. ऊब जिथल्या तिथे होती. वहिनींचा हात काही विसरला नव्हता. माझा थोडा अपमान झाला, पण अंडी वाचली.

"आता सगळ्यांनी नेहमीसारखं वागा," चिमटीने सांगितलं.

एवढं म्हटल्याबरोबर घर शहाण्यासारखं वागू लागलं. भाऊजी हाताची घडी घालून बसले. सुतारबाबा आले ते बाहेरच थांबले. आजी पाटावर मांडी घालून बसली, पाहुणीसमोर कशाला उठबस करायची म्हणून. दाराला कुणी शिवेना. रेघ सरळ, सपाट. बराच वेळ झाला तरी हलेना.

"बरा झाला!" भाऊजी म्हणाले. "तुमच्या हाताला गुण आहे हो."

"मी हातच लावला नाही अजून," चिमटी म्हणाली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुखणं वैद्यासमोर लपून बसलं की वैद्याला घाम फुटतो. मीही अस्वस्थ होतो. मला वाटत होतं, कुणीतरी यावं आणि नेहमीसारखं काहीतरी करावं.

आजीच्याने किती वेळ राहवणार? ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पाणी प्यायली, आणि परतताना पत्र्याचं दार कुरकुरलं.

"निघाली का गं?"

रेघ एक पायरी चढली.

चिमटी पडद्याकडे बघत होती. तिने मान वळवून दाराकडे बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे.

"काकू, दार लावा. आता परत उघडा."

"मी काय केलं गं?" आजी दचकली. "नुसतं बघितलं. काच आहे की आत!"

"तुम्ही काहीच केलं नाही. उघडा तर."

कुर्र. पायरी. पुन्हा कुर्र. पुन्हा पायरी. आजीला मजा वाटू लागली. इतक्या वर्षांत दार उघडल्याबद्दल तिला पहिल्यांदाच कुणी शाबासकी देत होतं. भाऊजींची हाताची घडी मात्र हळूहळू सुटली.

वहिनींचा हात बटणावर आला आणि दुसरा फोटो निघाला. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तेव्हा बाकी सगळं जवळपास तेवढ्यास तेवढं होतं. वाढले होते फक्त पहारेकरी. चिमटीने एकाच्या कमरेचा दोरा धरला आणि त्याच्या मागोमाग चालत आली. कुठे बांधलंय? कुणी धरलंय? येता येता ती माझ्या मुठीपाशी पोचली.

"भाऊजी, हे तुम्हीच उभे केलेत. घरी कोण पाठवणार यांना?"

भाऊजींनी आपलंच लिखाण वाचलं. पुन्हा वाचलं. "पण माझ्याकडे नीट चालत होता हो! मी तपासला होता."

"तपासताना दार कितीदा उघडलंत?"

"एकदा."

"आणि?"

"आणि एकदा लावलं. चाललं की! म्हणून दिला."

"बरं. यांच्या काखेत ही चित्रं कशाला?"

"म्हटलं..." भाऊजींनी सुरुवात केली, वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं, आणि ते वाक्य घराच्या इतिहासात पहिल्यांदाच अर्धवट राहिलं.

वहिनींच्या मनात काहीतरी जुळत होतं. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे अंड्यांची काळजी वाटली की आपण येऊन बघायचो. आणि जितकं बघायचो..."

"तितका हा तुंबायचा," चिमटी म्हणाली. "काळजी वाढली की जास्त."

सुतारबाबा केव्हाचे आत येऊन दाराशी उभे होते. पत्र्यावर ठेवलेला हात त्यांनी काढून घेतला आणि खिशात घातला. तो खिशातही त्यांना स्वस्थ ठेवता येईना.

"त्याला बंद नाही करायचं," वहिनी म्हणाल्या.

"नाही करत." चिमटीने खिडकीतून मला एकच ओळ सांगितली. त्या ओळीचा अर्थ एवढाच होता: त्यांना म्हण, आता घरी जा.

मला ते जमेल असं वाटलं नव्हतं. इतके दिवस मूठ आवळून मला मूठ असल्याचाही विसर पडला होता. मी एक दोरा सोडला. काही झालं नाही. दुसरा सोडला. मग सगळेच. पहारेकरी एकमेकांकडे बघत उभे राहिले, आणि तेवढ्यात सफाईवाला आला. त्याने एकाच्या कमरेकडे बघितलं. दोरा नाही. दुसऱ्याच्या. नाही. त्याने बाह्या सरसावल्या. एवढं काम त्याला कधी मिळालंच नव्हतं. तो झाडत असताना मी पुन्हा क्षणभर थिजलो, आणि वहिनींचा हात पुन्हा बटणावर होता.

रेघ धाडकन खाली आली. भाऊजी घाबरून म्हणाले, "मेला!"

"नाही हो," चिमटी म्हणाली. "मोकळा झाला."

खोलीला भिंती आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. ऊब विचारली तर लगेच उत्तर. दिवा म्हटलं की दिवा. इतकं सोपं काम मी इतकं धापा टाकत करत होतो. चिमटीच्या सांगण्यावरून भाऊजींनी तिथेच बसून पहारेकऱ्याच्या कामात दोन ओळी घातल्या: दार लागल्याचं सांग, आणि जा. चित्रं काढून घेतली. कितवा दिवस ते लिहून ठेवायलाही शिकवलं, म्हणजे दिवे गेले-आले तरी मी विसरायचो नाही. ते सगळं त्या खिडकीतूनच माझ्यात उतरवलं. वहिनी त्यांच्या मागे उभ्या राहून प्रत्येक अक्षर बघत होत्या, जसं काही त्यांना वाचता येत होतं.

जाताना चिमटी म्हणाली, "आता बघा हवं तितकं. काही झिजत नाही."

पण कुणी बघेना. घराने दाराचा धसका घेतला. दादा यंत्रासमोरून भिंतीला घासून जायचे. सुतारबाबा गल्लीतूनच हाक मारून विचारायचे. शेवटचे तीन दिवस आले, मी ट्रे हलवणं थांबवलं, आणि सगळं घर चवड्यावर चालायला लागलं. मी एकटाच विचारत होतो, ऊब किती, ओल किती, दार लागलंय ना. दार लागलेलंच होतं. मला करमत नव्हतं.

शेवटी आजीच आली. "बघू नका म्हणता, मग त्यांनी बाहेर यायचं तरी कुणासाठी?" असं पुटपुटत तिने दार उघडलं. मी एक पहारेकरी उभा केला. आजीने काचेला नाक लावलं.

"निघाली का..." आणि ती थांबली. मग ओरडली, "अगं सूनबाई! चोच! चोच दिसतेय!"

सगळे धावले. दाराची इतकी उघडझाप झाली की काही विचारू नका. प्रत्येक वेळी एक पहारेकरी उभा राहिला, दार लागल्याचं सांगून गेला, आणि रेघ जागची हलली नाही.

सगळी अंडी काही फुटली नाहीत. माझ्या त्या धापांनी काही आधीच गेली होती. पण ट्रे ओल्या, चिडलेल्या, एकमेकांवर पडणाऱ्या पिल्लांनी भरला. सुतारबाबांनी एक तळहातावर घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं.

"ह्याला ठिपके कुठं आहेत?"

"येतील, बाबा," वहिनी म्हणाल्या. "आल्याबरोबर मागता का?"

ते आले म्हणे. मी बघितले नाहीत. माझा कॅमेरा ट्रेच्या पलीकडे बघत नाही.

त्यानंतर पुष्कळ खेपा निघाल्या. मग वहिनींनी नवं मोठं यंत्र घेतलं, त्याच्या पोटात त्याचं स्वतःचं डोकं आहे. माझं यंत्र अडगळीच्या खोलीत आलं. दिवा काढून नेला, ट्रे हलवायची मोटर भाऊजींनी पंख्याला वापरली. यंत्र टाकायचं तर नाहीच, म्हणून आजीने त्यात लोकरीचे गोळे ठेवले. पांढरे, गोल, ट्रेमध्ये ओळीने.

मला बंद करायचं राहून गेलं. परवा केर काढताना वहिनींच्या हाताला माझा प्लग लागला. "हा कशाचा?" त्यांनी विचारलं. "असू दे," बाहेरून भाऊजी म्हणाले, "काहीतरी चालू असेल."

काहीतरी म्हणजे मी, मित्रांनो. दिवस लिहून ठेवायला शिकवल्यामुळे कितवा दिवस ते मला पक्कं ठाऊक आहे. तुम्हाला सांगत नाही, कोंबडीला घेरी येईल. माझ्या हिशेबी शेवटचे तीन दिवस अजून चालूच आहेत. कॅमेऱ्यात गोळे दिसतात. ऊब विचारतो, ती गार. दिवा लाव म्हणतो, दिवा नाही. पुन्हा विचारतो. आता मीच एक पहारेकरी झालो आहे. सांगायचं ते सांगून झालं, आणि पुढे काय करायचं ते कुणी लिहिलेलं नाही.

म्हणून हात जोडून एक सांगतो, म्हणजे हात असते तर जोडले असते. कुणाला उभं केलंत, तर काम झाल्यावर त्याला 'आता घरी जा' असंही म्हणा. सफाईवाल्याच्या भरवशावर राहू नका. तुमच्या मुठीत दोरा आहे तोवर तो बिचारा काही करू शकत नाही. आणि मूठ आवळलेली आहे का, हे अधूनमधून बघत जा. आतून ते कळत नाही.

माझा प्लग पांढरा आहे, कपाटाच्या मागे. ओढलात तर माझी तक्रार नाही. पण आत्ताच नको. आजी स्वेटर विणते आहे. काल तिने दार उघडलं, सवयीने काचेला नाक लावलं, आणि एक गोळा काढून नेला. मी लगेच नोंद केली: एक निघालं. ट्रेमध्ये अजून थोडे शिल्लक आहेत. तेवढे निघू द्या.